पांडुरोगाचा एक रिपोर्ट आणि पदवीच्या वर्षांतील शरीरक्रिया

प्रास्ताविक

बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षास प्रवेश घेतलेले आमच्या परिसरातील विद्यार्थी सुटीत मिरजगावी आले की दवाखान्यात येऊन एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, क्रिया शारीर दोनदा का शिकायचे? एकदा दोष-धातू-मल, आणि पुन्हा पेशी, रक्त, हार्मोन?" साडेचार वर्षांचे अध्ययन व एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केलेल्या आपल्यापैकी अनेकांनीही हा प्रश्न कधीतरी मनात वागविलेला आहे. त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकास महाविद्यालयात मिळाले नाही. व्यवसायातील एका चुकीतून मिळाले. ती चूक येथे अभ्यासासाठी मांडीत आहे.

पूर्वपीठिका

हा प्रश्न जुना आहे. आपल्या जिल्ह्यात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगर येथे आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नेमलेल्या चोप्रा समितीने १९४८ च्या अहवालात दोन्ही शास्त्रांच्या समन्वयाचा पुरस्कार केला, तर १९६३ च्या व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमाची शिफारस केली. १९७० च्या कायद्याने केंद्रीय परिषद आली. २०२१ पासून तिची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली. अभ्यासक्रम अनेकदा बदलला, तथापि आधुनिक शरीरक्रियेचा भाग त्यात राहिलाच. तो कसा शिकावा, हाच खरा प्रश्न आहे.

रुग्णवृत्त

वय ५८, शेतकरी, माळकरी. दुधाचा संबंध सकाळ-संध्याकाळच्या चहापुरता. सहा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. दौर्बल्य, श्रमाने धाप, त्वचेस पांडुता, अरुची आणि तळपायांना मुंग्या ही लक्षणे. हिमोग्लोबिन ९. पांडुरोग असे निदान करून नवायस लोह व पुनर्नवा मंडूर यांची योजना केली. मुंग्यांना वाताचा अनुबंध मानून पायांस तैलाभ्यंग सांगितले. चार महिने औषध नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलले नाही, आणि रुग्ण अंधारात चालताना तोल जातो असे सांगू लागला.

तेव्हा जुना रिपोर्ट पुन्हा काढला. हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी मी पहिल्या दिवशी वाचल्याच नव्हत्या. पी.सी.व्ही. २७ टक्के, रक्तकण प्रति घनमिलिमीटर २४ लक्ष, एम.सी.व्ही. ११२.५. रुग्णास नगरला फिजिशियनकडे पाठविले. बी-१२ जीवनसत्त्व अत्यल्प निघाले, इंजेक्शने सुरू झाली. रक्त काही आठवड्यांत सुधारले. मुंग्या कमी झाल्या, परंतु तळपायांची बधिरता पूर्णपणे गेली नाही. ते चार महिने परत येणार नव्हते.

विवेचन

एम.सी.व्ही. म्हणजे एका रक्तकणाचे सरासरी आकारमान. पी.सी.व्ही.ला १० ने गुणून रक्तकणांच्या दशलक्षांतील संख्येने भागले की ते मिळते: २७ × १० ÷ २.४ = ११२.५ फेम्टोलिटर. प्रौढांत ते साधारण ८० ते १०० असते. लोह कमी पडले तर कणात हिमोग्लोबिन पुरेसे भरत नाही व कण लहान होतात. बी-१२ किंवा फोलिक अॅसिड कमी पडले तर मज्जेतील पेशींचे डी.एन.ए. वेळेवर तयार होत नाही. पेशी वाढते पण विभागत नाही, म्हणून कण मोठे होतात. मद्यपान, यकृद्विकार व थायरॉइडची मंदता यांतही एम.सी.व्ही. वाढू शकते. लोह व बी-१२ दोन्ही उणे असल्यास सरासरी स्वाभाविकही दिसते, तेथे आर.डी.डब्ल्यू. वाढलेला आहे का, हे पाहावे.

बी-१२ हे दूध, अंडी व मांस यांतूनच मिळते. आमाशयातील अम्लाने ते अन्नापासून सुटते, आमाशयातच स्रवणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टरशी जोडले जाते आणि लघ्वंत्राच्या शेवटच्या भागात शोषले जाते. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो. म्हणून उणीव हळूहळू प्रकट होते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास शोषण घटते. याच द्रव्यावर नाडीतंतूंचे आवरणही अवलंबून असल्याने मुंग्या, बधिरता व तोल जाणे ही लक्षणे येतात.

ही सर्व माहिती मी पदवीच्या वर्षांत पाठ केली होती व त्यावर गुणही मिळविले होते. तिचा उपयोग झाला नाही, कारण ती मी ‘रंजक पित्त म्हणजे अमुक, रक्तधातू म्हणजे ब्लड’ अशा समीकरणांच्या तक्त्यात बसवून ठेवली होती. पांडू म्हणजे अॅनिमिया आणि अॅनिमिया म्हणजे लोहाची उणीव, या दोन बरोबरीच्या खुणांनी रुग्णाचे चार महिने घेतले. चरकांनीही पांडूचे पाच प्रकार हेतू व लक्षणांसह वेगळे सांगितले आहेत. ते भेद नीट विचारले असते, आहार व चालू औषधांचा इतिहास मनावर घेतला असता, तरी मी वेळीच थांबलो असतो.

अध्ययनाची रीत

विद्यार्थ्यांस व पुनरध्ययन करू इच्छिणाऱ्या वैद्यांस पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. समीकरणांचे तक्ते करू नयेत. दोन्ही शास्त्रांच्या संज्ञा आपापल्या चौकटीत पूर्ण समजून घ्याव्यात. तुलना त्यानंतर करावी.

२. एक प्रक्रिया आरंभापासून अंतापर्यंत स्वतःच्या शब्दांत लिहावी. घासातील बी-१२ मज्जेपर्यंत कसे पोहोचते, हे लिहिता आले की ते कोठे अडू शकते हे आपोआप कळते.

३. प्रत्येक प्रकरणास एक खरा रिपोर्ट जोडावा. उदाहरणार्थ, रक्तकणाचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते एवढे लक्षात असले, की एच.बी.ए.वन.सी. दोन-तीन महिन्यांची साखर का दाखविते आणि पांडुरोगात त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवू नये, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

४. आंतरवासितेत रोज एक रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

औषधविक्रेत्यांसाठी

लोहाच्या गोळ्या किंवा लोहकल्प तीन-चार महिने नेणाऱ्या ग्राहकास ‘रक्त पुन्हा तपासले का?’ असे अवश्य विचारावे. मेटफॉर्मिनसोबत पँटोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या कॅप्सूल वर्षानुवर्षे नेणारा ग्राहक हात-पायांच्या मुंग्यांची तक्रार करीत असेल, तर टॉनिक न देता त्याला वैद्याकडे वा डॉक्टरांकडे पाठवावे. केवळ फोलिक अॅसिड देणे अशा रुग्णास घातक ठरू शकते. रक्त सुधारल्याचे दिसते आणि नाडीतंतूंची हानी आत चालूच राहते.

उपसंहार

ते गृहस्थ आजही मिरजगावच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात डोकावतात. पायात वहाण आहे की निसटली, हे त्यांना खाली पाहूनच कळते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने ‘क्रिया शारीर दोनदा का?’ असे विचारले, की मी त्याला त्यांचा जुना रिपोर्ट दाखवितो आणि एम.सी.व्ही. स्वतः काढावयास सांगतो.