टाकी भरताना ऊन बघा

शिरूर-दौंड भागात कृषी पर्यटनाच्या जोडीला पेंटबॉल सुरू करू पाहणारी मंडळी माझ्याकडे आली की पहिल्यांदा मार्करचं, म्हणजे रंगाच्या गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीचं, विचारतात. कुठला घ्यावा, कितीला पडेल. मी त्यांना आधी टाकीकडे वळवतो. टाकीत कार्बन डायऑक्साइड भरणार की दाबाची हवा, यावर मार्करचं आयुष्य आणि खेळणाऱ्याची सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतं. मार्कर दुरुस्तीच्या कामात जे पाहिलं, ते सांगतो.

सुरुवातीला ओढा गॅसकडेच, म्हणजे कार्बन डायऑक्साइडकडेच असतो. टाकी स्वस्त आणि हा गॅस वेल्डिंगलाही लागतो, त्यामुळे रांजणगाव, कुरकुंभसारख्या एमआयडीसींच्या आसपास तो मिळवणं अवघड वाटत नाही. पण टाकीत तो द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमान ठरवतं. 10 अंशांना साधारण 650 पीएसआय, 20 अंशांना 830, 30 अंशांना हजाराच्या वर. 31 अंशांपुढे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. मग टाकी जितकी जास्त भरलेली, तितका दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडची डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार आठवा.

दौंडच्या बाजूला एका शेतावर एप्रिलमध्ये हेच घडलं. सकाळी क्रोनोग्राफवर गोळीचा वेग सेकंदाला 270 फूट लावला होता. दुपारी कुणी वेगाच्या स्क्रूला हात लावला नव्हता, तरी वेग 300 च्या पुढे गेला. 300 ही या खेळात सर्वमान्य कमाल मर्यादा आहे. एका पोराच्या दंडावर काळानिळा वळ उठला, तेव्हा खेळ थांबला. त्याच दिवशी पिकअपच्या हौद्यात उन्हात ठेवलेल्या एका टाकीची सेफ्टी डिस्क फुटली. मोठा आवाज झाला, पांढरा झोत उडाला आणि माणसं पळाली. ती टाकी वजन न करता ‘मावेल तेवढी’ भरलेली होती. डिस्क फुटली म्हणून निभावलं, नाहीतर टाकीच फाटली असती.

म्हणून गॅस वापरायचाच असेल तर टाकी काट्यावर ठेवून भरा. 20 औंसांची टाकी म्हणजे 567 ग्रॅम गॅस, त्यावर एक ग्रॅमही नको. भरताना खोली बंद ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. भरलेली टाकी गाडीत किंवा उन्हात सोडू नका आणि वेग दुपारी पुन्हा मोजा. सलग गोळ्या सुटल्या की टाकी गारठते, वेग पडतो. मार्करचं तोंड खाली धरलं तर द्रव आत शिरतो आणि ओ-रिंगा चिरतात. माझ्याकडे येणाऱ्या बिघाडांत हे नेहमीचं.

दाबाच्या हवेचं तसं नाही. टाकीत 3,000 किंवा 4,500 पीएसआय असले तरी रेग्युलेटर पुढे साधारण 800 च सोडतो, ऊन असो वा थंडी. अडचण भरण्याची. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर जेमतेम दीडशेपर्यंत जातो. इथे पाणबुडे आणि अग्निशमन दलाचे जवान श्वासाच्या टाक्या भरतात तसला कॉम्प्रेसर लागतो. टाकी हळूहळू भरा, तोंडाला तेल-ग्रीस लावू नका आणि हवेऐवजी ऑक्सिजन तर कधीच भरू नका. दर 5 वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. कार्बन फायबरची टाकी 15 वर्षांनंतर बाद समजा. सिलिंडर आणि ते भरण्याचे परवाने नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत येतात. खरेदीआधीच तिथे चौकशी करा.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त हुरड्याच्या हंगामात मैदान चालवणार असाल, तर साध्या, बिगरइलेक्ट्रॉनिक मार्करवर गॅस चालेल. उन्हाळी सुट्टीतही पोरं येणार असतील, तर हवाच घ्या. ती भरण्याची पक्की सोय होत नसेल, तर उन्हाळ्यात मैदान बंद ठेवा.

शेवटचं एक, दोन्ही टाक्यांना लागू. टाकी आणि वॉल्व्हच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. मार्करवरून टाकी फिरवून काढताना वॉल्व्ह तिच्याबरोबर फिरला पाहिजे. वॉल्व्ह सैल होऊन टाकी एकटीच फिरली, तर ती सुटून तोफगोळ्यासारखी उडते; अमेरिकेत अशी माणसं दगावली आहेत. रेघ तुटलेली दिसली तर हात तिथेच थांबवा, सगळ्यांना लांब करा आणि जाणकाराला बोलवा.