दिवाणगिरीतून विधिमंडळात : सर दिनकरराव राजवाडे

विधिमंडळाचा सभासद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक आणि मतपेटी उभी राहते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत हा मार्ग बराचसा रुळलेला होता. वकिली करावी, राज्याच्या विधिमंडळात जावे आणि पुढे राष्ट्रीय काँग्रेस गाठावी. अब्राहम लिंकन १८३४ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले, मग वकील झाले आणि १८४७ ते १८४९ राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात बसले. त्याच काळात आपल्याकडे देशाच्या विधिमंडळात पोहोचलेल्या पहिल्या तीन हिंदी गृहस्थांपैकी एक ग्वाल्हेरचे माजी दिवाण होते. त्यांचा मार्ग मात्र अगदी निराळा होता.

दिनकरराव राजवाडे यांचा जन्म १८१९ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. पंधराव्या वर्षी ते शिंदे सरकारच्या चाकरीत शिरले. १८४३ च्या महाराजपूर व पनिहार येथील लढायांनंतर संस्थानचा कारभार विस्कटला होता आणि खजिना रिता होता. दिवाण झाल्यावर त्यांनी जाचक कर उठवले, पगार कमी केले आणि त्यात स्वतःचा पगारही वगळला नाही. तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली. कायद्याची पदवी त्यांच्यापाशी नव्हती; नियम कसा चालतो व कोठे अडतो, हे ते कचेरीत शिकले.

१८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरात आले, तेव्हा जयाजीराव शिंदे आणि दिनकरराव आग्र्यास गेले. ही इंग्रजनिष्ठा आज आपल्याला खटकते आणि ती झाकण्याचे कारण नाही. १८६१ च्या कायद्यानुसार गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळात बिनसरकारी सभासद घेण्याची सोय झाली. १८६२ च्या आरंभी लॉर्ड कॅनिंगने पतियाळाचे महाराज, बनारसचे राजा देवनारायण सिंह आणि दिनकरराव यांना नेमले. मुदत दोन वर्षांची. प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता, अंदाजपत्रकावर चर्चा नव्हती. समोर येईल त्या विधेयकापुरतेच बोलायचे. मतदार तर नव्हतेच. लिंकनना जनतेने पाठवले. दिनकररावांना सरकारने बोलावले.

मग अशा सभासदाला स्वतःचे मत असू शकते काय? त्याचे उत्तर विधिमंडळात नव्हे, तर १८७५ साली बडोद्यात मिळाले. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर होता. चौकशी मंडळात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी : जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व दिनकरराव. इंग्रज सभासदांनी मल्हाररावांना दोषी ठरवले. तिघा हिंदी सभासदांना मात्र आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. ज्या सरकारने मानमरातब दिले, त्याच सरकारला नको असलेले मत दिनकररावांनी दिले. सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलेच, पण त्यासाठी विषप्रयोगाचे नव्हे, गैरकारभाराचे कारण पुढे करावे लागले.

दिनकरराव १८९६ साली वारले. निवडून येणे ही लोकप्रतिनिधीची पहिली कसोटी खरी, आणि ती देण्याची संधी दिनकररावांना काळाने दिली नाही. दुसरी कसोटी पुरावा पाहून निर्भयपणे मत देण्याची. तिला ते उतरले. आज पहिली कसोटी पार करणारे पुष्कळ आहेत. दुसरीचा विचार आपण मतदारांनी करायचा आहे.