पुलावरील अर्धे मिनिट

मुंबईहून एस. टी.ने कोकणात जाताना अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी आणि वाशिष्ठी या नद्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. पूल जवळ आला, की गाडीचा आवाज बदलतो. चालक वेग उतरवितो, आणि इतका वेळ धावत असलेली गाडी संथपणे पुलावर चढते. मुले खिडकीशी गर्दी करतात. खाली नदीचे पात्र किती खोल दिसते!

मागे एकदा अशाच प्रवासात माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांना नातीच्या लग्नाला वेळेवर पोहोचावयाचे होते. पुलाशी गाडी मंदावली, तसे ते म्हणाले, "रस्ता तर मोकळा दिसतो आहे. मग ही गाडी रेंगाळते कशाला?" प्रश्न काही चुकीचा नव्हता. लहानपणी मलाही असेच वाटत असे. मी त्यांना मनगटावरील घड्याळाकडे लक्ष ठेवावयास सांगितले. त्या घड्याळाची हकीकत पुढे येईलच. तोवर आपण थोडे गणित करू.

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात २० मीटर अंतर कापते. समजा, समोर अचानक एक म्हैस आडवी आली. ती दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत निदान एक सेकंद जातो, म्हणजे २० मीटर गेलेच. ब्रेक चांगले असले आणि रस्ता कोरडा असला, तरी गाडी थांबेपर्यंत आणखी सुमारे ४० मीटर जातात. एकूण झाले ६० मीटर. आता हाच वेग ताशी ३६ किलोमीटर धरा. पहिल्या सेकंदात १० मीटर आणि ब्रेक लागल्यावर सुमारे १० मीटर, म्हणजे अवघ्या २० मीटरांत गाडी उभी राहते. वेग निम्मा झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निम्मे न होता एक चतुर्थांश झाले. हे ध्यानात ठेवा. कारण वेगाचे सारे मर्म येथेच आहे.

साध्या रस्त्यावर चालकाची थोडी चूक झाली, तर कडेची साईडपट्टी गाडीला सामावून घेते. फार तर चाक मातीत रुतते. पुलावर साईडपट्टी नसते. तेथे रस्ता संपतो आणि लगेच कठडा सुरू होतो. कठड्यापलीकडे काहीच नाही. शिवाय दोन्ही बाजूंच्या डोंगरांनी व झाडांनी अडविलेला वारा पुलावर मोकळा सुटतो. बसची बाजू म्हणजे दहा मीटर लांबीची भिंतच! त्या भिंतीवर झोत आदळला, की गाडी कडेला ढकलली जाते आणि चालकाला सुकाणू सावरून धरावे लागते. वेग अधिक असेल, तर सावरण्यापूर्वीच गाडी बरीच सरकलेली असते.

दिनांक १९ मार्च २०१३ रोजी पहाटेच्या काळोखात गोव्याहून मुंबईकडे येणारी एक खाजगी आरामबस खेडजवळ जगबुडी नदीच्या जुन्या पुलावरून खाली कोसळली. ३७ माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुतेक जण झोपेत असतील. आता तेथे नवा पूल झाला आहे; पण त्या वाटेने जाताना जाणत्या प्रवाशांना ती पहाट अजून आठवते.

तुम्ही विचाराल, कठडा असताना गाडी खाली जातेच कशी? कठडा किती भक्कम असला, तरी त्याच्या सोसण्याला मर्यादा असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या बसमध्ये जेवढी शक्ती साठलेली असते, तेवढी शक्ती तीच बस सुमारे २० मीटर उंचीवरून, म्हणजे सहा मजली इमारतीवरून, खाली पडली तर तिच्यात येईल. ताशी ३६ किलोमीटर वेगात ही उंची केवळ पाच मीटर भरते. बस कठड्याला बहुधा तिरकी घासते, त्यामुळे सगळी शक्ती त्याच्यावर येत नाही हे खरे; परंतु प्रमाण तेच राहते. वेग दुप्पट, तर शक्ती चौपट.

पुलाच्या अलीकडे लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात एक आकडा लिहिलेला दिसतो. ती वेगमर्यादा होय. तो आकडा कोणी लहरीने लिहीत नाही. रस्त्याचे वळण, त्याची रुंदी, पुढचे किती दूरवर दिसते, हे सर्व दिवसाच्या उजेडात पाहून तो ठरवावयाचा असतो. रात्री चालकाला दिव्यांच्या झोतापलीकडचे दिसत नाही. पण जे दिसत नाही ते त्या आकड्यात लिहून ठेवलेले असते. मुंबईजवळ २०२४ साली खुल्या झालेल्या अटल सेतूचेच पाहा. समुद्रावरील सरळ मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगाची परवानगी देण्यात आली. सेतूवर चढताना व उतरताना मात्र ४० किलोमीटरचीच मर्यादा घालण्यात आली. सेतू एकच, पण आकडे दोन!

प्रवासी बसगाड्यांना वेगनियंत्रक नावाचे यंत्र बसविण्याचा नियम आहे. ते गाडीला ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. यंत्र उपयोगी खरे, पण त्याला माळरान आणि पूल यांतला भेद कळत नाही. तो कळतो चालकाला. म्हणून मागच्या बाकावरून "चला, चला, उशीर झाला" असा गलका करणारे प्रवासी पाहिले, की मला त्या बिचाऱ्या चालकाची कीव येते.

आमची गाडी पलीकडच्या काठाला लागली, तेव्हा आजोबांच्या घड्याळातील सेकंदकाट्याने अर्धा फेरा पुरा केला होता. पूल सुमारे ३०० मीटर लांब होता. मी म्हणालो, "गाडी दुप्पट वेगाने गेली असती, तर आपले १५ सेकंद वाचले असते."

"पंधराच?" आजोबांनी पुन्हा एकदा घड्याळ पाहिले आणि ते हसू लागले. इतक्यात चालकाने गिअर बदलला, आणि गाडी पुन्हा वेग घेऊ लागली.