रोबो एका अंगाला ओढतो तेव्हा

घरी बनवलेला रोबो सरळ जायचे सोडून एका अंगाला ओढू लागला, की पहिला संशय प्रोग्रॅमवर जातो. दोष मात्र अनेकदा सांगाड्यात असतो.

पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला हे बऱ्याच रात्री खर्ची पडल्यावर कळले. 3 मिमी जाडीच्या अॅक्रिलिकवर तिने दोन गिअर मोटरी आणि 12 व्होल्टची बॅटरी बसवली होती. रोबो डावीकडे वळायचा. मोटरींचे वेग कमीजास्त करून ती तो सरळ आणायची आणि बॅटरी जरा उतरली की तो पुन्हा वाकडा. शेवटी तिने रोबो टेबलाच्या कडेला ठेवला आणि डोळा चाकांच्या पातळीला नेला. बॅटरीच्या भाराने अॅक्रिलिक मधोमध झुकले होते, त्यामुळे चाकांचे माथे आत कलले होते. डावे जास्त, कारण तिथल्या क्लॅम्पचे भोक कडेच्या फार जवळ पाडलेले, आणि त्याला बारीक चीर गेलेली.

जाडी दुप्पट केली तर पट्टीचा ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट होते. त्यापेक्षा अॅल्युमिनियमची पोकळ चौकोनी नळी कितीतरी बरी. सरकत्या खिडक्या करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात, ते मागावेत. कापल्यावर कानस फिरवायला आळस करू नये. तिरप्या टोकावर कुठलाच कोपरा नीट बसत नाही.

दोन्ही मोटरींचे शाफ्ट एका रेषेत येणे ही सगळ्यात नाजूक गोष्ट. त्यासाठी डाव्या-उजव्या पट्ट्या एकीवर एक ठेवून सी-क्लॅम्पने आवळाव्यात, पंच मारावा आणि दोन्हींतून भोके एकदमच पाडावीत. एम3 स्क्रूला 3.2 मिमीचे भोक पुरते. चौकट जुळवताना गुण्या लावावाच, शिवाय दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तरच कोपरे काटकोनात आहेत. नट नायलॉकचे घ्यावेत. साधे नट मोटरीच्या थरथरीने सैल होतात.

चाके किती? पहिल्या रोबोला तीन टेकू उत्तम: दोन चाके आणि एक कॅस्टर. जमीन उंचसखल असली तरी तिन्ही टेकतात. ताठ सांगाड्यावर चार चाके बसवली, तर एखादे अधांतरी राहते. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी 1948-49 मध्ये बनवलेली यांत्रिक कासवेही तीन चाकांचीच होती.

उंच रोबोची काळजी वेगळी. पुण्यात 2008 साली झालेल्या एबीयू रोबोकॉन या रोबो स्पर्धेचा विषय दहीहंडीवर बेतलेला, ‘गोविंदा’. वर हात उगारणाऱ्या अशा यंत्रात बॅटरी आणि मोटरी तळाशीच हव्यात, नाहीतर पहिल्याच ब्रेकला ते पुढे कोसळते. हात लांब असेल तर त्याचा भार मोटरीच्या शाफ्टवर टांगून ठेवू नये. पलीकडच्या बाजूला बेअरिंगचा आधार द्यावा. स्केटिंगच्या चाकांत असते ते 8 मिमी भोकाचे 608 बेअरिंग यासाठी सहज मिळते.

वायरिंग त्यानंतर. आधी सगळ्या सुट्या भागांच्या वजनाइतकी पुस्तके सांगाड्यावर रात्रभर ठेवावीत आणि सकाळी चाकांना पुन्हा गुण्या लावावा.