वकिलीपासून राजभवनापर्यंत

लातूर जिल्ह्यात उदगीरच्या वायव्येस चाकूर हे गाव आहे. तेथे १२ ऑक्टोबर १९३५ रोजी शिवराज पाटील यांचा जन्म झाला. पुढे गावाच्या नावावरून लोक त्यांना चाकूरकर म्हणू लागले. त्या काळी मराठवाड्यावर निजामाची सत्ता होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती संपली, तेव्हा ते तुमच्याच वयाचे होते.

उस्मानिया विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतल्यावर ते मुंबई विद्यापीठात कायदा शिकले व लातुरास वकिली करू लागले. आपल्या पक्षकाराची बाजू हिरिरीने मांडणे हा वकिलाचा धर्म होय. दुसरी बाजू मांडावयास समोर दुसरा वकील असतोच.

१९६७ साली ते लातूरचे नगराध्यक्ष झाले. पुढे आमदार व १९८० पासून सलग सात वेळा खासदार म्हणून ते निवडून आले. १९९१ साली त्यांना लोकसभेचे अध्यक्षपद मिळाले. या आसनावर बसणाऱ्यास वादात कोणाचीही बाजू घेता येत नाही. दोन्हीकडची मते समसमान पडली, तरच त्याला मत देता येते. जन्माच्या वकिलाने येथे मौन शिकावयाचे असते.

२००४ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. तरीही त्यांच्याकडे देशाचे गृहमंत्रिपद आले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. गृहमंत्र्यांवर कठोर टीका झाली. नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी ३० नोव्हेंबर रोजी पदत्याग केला.

२०१० ते २०१५ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते. राज्याचा सारा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. परंतु बहुतेक बाबतींत त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते. मग असे पद हवेच कशाला, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर २०१२ साली पंजाबात दिसले. चाकूरकरांची हयात काँग्रेस पक्षात गेली होती. निवडणुकीत मात्र विजय झाला तो अकाली दल व भाजप यांच्या युतीचा. १४ मार्च रोजी त्याच चाकूरकरांनी प्रकाशसिंग बादल यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली.

१७६० साली उदगीरच्या रणांगणावर मराठे व निजाम यांच्यातील सत्तेचा निकाल तलवारीने लागला होता. आज तो मतपेटीने लागतो आणि जिंकलेल्यास शपथ देणारा कोणी तटस्थ माणूस लागतो. तो आपल्यापैकी कोणा एकाचाच झाला, तर हरलेल्याने विश्वास कोणावर ठेवावा?

१२ डिसेंबर २०२५ रोजी लातूर येथे चाकूरकरांचे निधन झाले. खेळात पंच होण्याची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा त्यांची ही वाटचाल आठवा. आपल्याच मित्राला बाद ठरविणे सोपे नसते. पण खेळ टिकतो तो त्यामुळेच.

स्वाध्याय
१. वकिलाचे काम व लोकसभेच्या अध्यक्षांचे काम यांत कोणता फरक आहे?
२. २०१२ सालच्या शपथविधीचा प्रसंग लेखकाने का सांगितला असावा?
३. ‘तटस्थ’, ‘पदत्याग’ व ‘समसमान’ हे शब्द वाक्यांत योजा.