श्यामच्या घरी जायचं तर खर्च किती?

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. त्यांचं ‘श्यामची आई’ हे पुस्तक ज्या घरात, अंगणात आणि वाटांवर घडतं ते हेच गाव. गुरुजींचं इथलं घर स्मारक म्हणून जपलं आहे. घर लहान आहे, अर्ध्या-पाऊण तासात पाहून होतं. तिकीट हा या सहलीत खर्चाचा मुद्दाच नाही. पैसे जातात ते रस्त्यावर आणि जेवणावर.

पुण्याजवळच्या लवळ्याहून निघणाऱ्या आपल्या लवळेकरांना एक फायदा आहे. लवळे फाट्यावरून थेट पौड रस्त्याला लागता येतं, चांदणी चौकातली गर्दी वाट्याला येत नाही. पुढे ताम्हिणी, माणगाव, लोणेरे, गोरेगाव, आंबेतचा पूल, मंडणगड आणि पालगड. एका बाजूने साधारण पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे साडेचार-पाच तास. आंबेतचा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून निघण्याआधी चौकशी केलेली बरी. पावसाळ्यात ताम्हिणीत दरडी कोसळतात. तेव्हा हा बेत आखू नये.

स्वतःच्या गाडीचा हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन ३५० किलोमीटर, लिटरला १५चं अॅव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर सुमारे २,४५० रुपये. चौघांचा नाश्ता आणि दोन वेळचं साधं जेवण माणशी ४०० धरा, म्हणजे १,६००. एकूण चार हजारांच्या आसपास. मासळीचं ताट मागवलंत की हा आकडा विसरा!

भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे लावतात. किलोमीटरला १३ रुपये दर असेल तर एका दिवसाचे ३५० किलोमीटरचे ४,५५० होतात. पण मुक्काम केला की गाडी तेवढीच धावूनही ६०० किलोमीटरचे ७,८०० मोजावे लागतात. चालकाचा भत्ता वेगळा. ठरवताना ‘किमान किती?’ हा प्रश्न आधी विचारा.

एसटी सगळ्यात स्वस्त. पुण्याहून दापोलीला साध्या गाडीचं भाडं तीनशे ते साडेतीनशेच्या घरात पडतं. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. दापोलीहून पालगडला दुसरी गाडी धरावी लागते, त्यामुळे एसटीने जायचं तर मुक्काम आलाच. दापोली-मुरूड-कर्दे पट्ट्यात साधी खोली दीड-दोन हजारांत मिळते, नाताळात नाही. जाण्याआधी गुरुजींचं घर उघडं असेल याची गावात खात्री करून घ्या, आणि खिशात रोख असू द्या. घाटात मोबाइलची रेंज जाते.

वाटेत गोरेगावजवळ वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे मुलांची, युवकांची शिबिरं भरतात. शाळेची सहल असेल तर तिथे आधी कळवून जाणं सोयीचं.

माझ्या मते एका दिवसात नऊ-दहा तास गाडीत बसून अर्ध्या तासाचं घर पाहणं हा तोट्याचा व्यवहार आहे. दोन दिवस काढा. श्याम शिकायला ज्या दापोलीत राहिला आणि जिथून पायी घरी यायचा, ते अंतर निदान गाडीतून तरी मुलांना कळू द्या.

आणि एक खर्च सर्वांत आधीचा. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०१० अखेर संपले. ‘श्यामची आई’च्या अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या शे-दीडशे रुपयांत मिळतात. घेताना संक्षिप्त आवृत्ती नको, पूर्ण पुस्तक घ्या. घरातल्या मुलांनी ते वाचलेलं नसेल तर सहल खुशाल महिनाभर पुढे ढकला.