गावचा बंब : छोटा ट्रॅक्टर आणि पाण्याची टाकी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले आणि सारा महाराष्ट्र हळहळला. शहरातील अशा आगीची वार्ता सर्वदूर पोहोचते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिवारात उसाला लागणाऱ्या आगी मात्र त्या त्या गावापुरत्याच राहतात. लोंबत्या वीजतारा एकमेकींना लागून पडलेली ठिणगी, शेजारच्या रानात पेटविलेले पाचट किंवा बांधावर टाकलेली विडी, यांपैकी एखादे निमित्त पुरेसे होते आणि वर्ष-दीड वर्ष जोपासलेले पीक काही मिनिटांत होरपळते. जळीत ऊस त्वरित गाळपास गेला नाही तर त्याचे वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात आणि शेतकऱ्यास दरातील कपातही सोसावी लागते. गुऱ्हाळघराजवळ रचलेले चिपाड, वैरणीच्या गंजी आणि पश्चिमेकडील डोंगरउतारांवरील वाळलेले गवत यांनाही हाच धोका असतो.

अग्निशमन दलाचा बंब शहरातून वा जवळच्या साखर कारखान्यावरून निघाला, तरी त्यास वेळ लागतो. गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. शिवाय मोठे वाहन पाणंद रस्त्याने शेतापर्यंत पोहोचेलच असे नाही. पाणंदीत सहज फिरणारा छोटा ट्रॅक्टर आज अनेक गावांत आहे. त्याच्या मागे पाण्याची टाकी व पंप जोडल्यास आगीची पहिली काही मिनिटे गावाच्या हाती राहतात. ऑस्ट्रेलियात अनेक शेतकरी आपल्याच वाहनावर टाकी व पंप चढवून वणव्याशी प्रथम सामना देतात. त्यामागील विचार हाच आहे.

पाण्याचा हिशेब

या साधनाकडून काय अपेक्षावे, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे. एक लिटर पाणी तापून त्याची पूर्ण वाफ होताना जी उष्णता शोषली जाते, तिच्या सुमारे सहापट उष्णता एक किलो वाळलेले पाचट जळताना बाहेर पडते. एक एकर उसात साधारणपणे ३ ते ४ टन पाचट असते. ही सारी उष्णता पाण्याने शोषावयाची म्हटल्यास किमान १८,००० लिटर पाणी लागेल, म्हणजे १,००० लिटरच्या टाकीच्या अठरा खेपा.

तेच १,००० लिटर पाणी दर चौरस मीटरला २ लिटर या प्रमाणात मारले, तर २ मीटर रुंदीचा २५० मीटर लांब पट्टा भिजतो. चौरस आकाराच्या एक एकर शेताचा परिघ जवळजवळ एवढाच भरतो. यावरून छोट्या टाकीचे काम स्पष्ट होते. पेटलेला फड विझविणे हे तिचे काम नव्हे. आग नुकतीच लागली असता ती दाबणे, आणि पसरली असता शेजारचा फड, गंज वा घर वाचविणे, हे तिचे काम होय. उभ्या उसात केवळ पट्टा भिजविणे पुरेसे नसते. तेथील ऊस तोडून व पाला ओढून जागा मोकळी करावी आणि मग तिच्या कडा भिजवाव्यात.

ट्रॅक्टरची मर्यादा

१,००० लिटर पाण्याचे वजन एक टन होते. त्यात टाकी व गाडा यांचे वजन मिळविल्यास हा भार छोट्या ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाहून जास्त होऊ शकतो. सपाटीवर तो ओढला जातो, पण उतारावर मागचा गाडा ट्रॅक्टरला ढकलू लागतो. यास्तव ओढावयाचा भार निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच ठेवावा. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीसारख्या चढउताराच्या भागात ५०० लिटरची टाकी घ्यावी, किंवा गाड्यास स्वतंत्र ब्रेक बसवावेत.

टाकी ठेंगणी व रुंद असावी. आत आडपडदे नसतील तर अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस धावते आणि गाडा उलटतो. गाडा ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यासच जोडावा व पिनेस खीळ घालावी. आसाच्या वर साखळी बांधून ओढल्यास पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे कोसळण्याचा संभव असतो.

पंपासाठी ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.ची शक्ती वापरता येते, अथवा गाड्यावर वेगळे छोटे इंजिन बसविता येते. पी.टी.ओ.च्या फिरत्या दांड्यावर आवरण असलेच पाहिजे, कारण त्यात धोतराचा सोगा वा मफलर अडकल्यास जीव जातो. मिनिटास ५० लिटर पाणी सोडल्यास १,००० लिटरची टाकी २० मिनिटे पुरते, तर २०० लिटर सोडल्यास ५ मिनिटांत रिकामी होते. म्हणून तोटी फवारा व धार दोन्ही देणारी आणि तत्काळ बंद करता येणारी असावी.

आगीच्या ठिकाणी

प्रथम १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. गावची टाकी निघाली म्हणून बंब बोलावण्याचे टाळू नये. तारांमुळे आग लागली असल्यास महावितरणला १९१२ वर कळवून वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तेथे पाणी मारू नये. ट्रॅक्टर वाऱ्याच्या पाठीकडून न्यावा, मोकळ्या जागी परतीच्या दिशेस तोंड करून उभा करावा आणि इंजिन चालू ठेवावे. ट्रॅक्टर उभ्या उसात कधीही घालू नये. सरीत शिरलेल्या माणसास धुरात दिशा सापडत नाही. पीक पुन्हा घेता येते, माणूस परत येत नाही.

ग्रामपंचायतीचे काम

आग विझविण्यास साहाय्य करणे व आगीच्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे, ही कामे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. गाळप हंगाम सुरू झाल्यापासून मे अखेरपर्यंत टाकी रोज सायंकाळी भरलेली असावी. दिवसा ती झाडांना पाणी घालण्यास वापरली तरी हरकत नाही; उलट पंप चालता राहतो. ट्रॅक्टर खाजगी असेल तर डिझेल व मोबदला यांचा ठराव ग्रामसभेत आधीच करावा. चालकांची पाळी आणि किल्लीची जागा फलकावर लिहावी.

टाकी रिकामी झाल्यावर ती कोठे भरावयाची, हेही ठरलेले हवे. या जिल्ह्यात विहिरी, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि सहकारी उपसा सिंचन योजनांचे जलनिर्गम जागोजागी आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शिवाराचा नकाशा काढवून घेऊन त्यात पाणवठे, पाणंदी व लोंबत्या तारा दाखवाव्यात. भूगोलाचा पाठही होईल आणि गावास कायम उपयोगी पडेल असा कागदही तयार होईल. त्याचबरोबर खोडव्यातील पाचट न जाळता सरीत कुजविण्याचा आग्रह धरावा, म्हणजे आगीचे एक मोठे कारणच नाहीसे होईल.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पंप चालवून पाहावा. शेडमध्ये रिकामी उभी असलेली टाकी आणि न सापडणारी किल्ली यांच्या भरवशावर कोणत्याही गावाचा ऊस सुरक्षित राहणार नाही.